तुळशीने दाखवलेली वाट

डहाणूच्या खाडीकाठच्या आळीत तुळशीच्या शब्दाला वजन होतं. ती फार शिकलेली होती असं नाही. तिसरीत शाळा सुटली ती सुटली. घरची श्रीमंती म्हणाल तर तीही नाही. पण तिला खोटं बोलायचा कंटाळा होता. खोटं बोललं की ते जपावं लागतं, कोणाला काय सांगितलं ते आठवत बसावं लागतं, आणि एवढा रिकामा वेळ तिच्याकडे कधीच नव्हता. त्यामुळे आळीत दोन बायांचं वाजलं की शेवटी कोणीतरी म्हणायचं, "तुळशीला विचारा." तुळशी जे सांगेल ते खरं धरलं जायचं. हरलेली बाई तिच्याशी पंधरा दिवस बोलायची नाही, मग आपोआप बोलायला लागायची.

दुसरं तिचं नाव होतं ते पाण्याच्या अंदाजासाठी. अमावास्येला आणि पुनवेला डहाणूच्या खाडीत दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला पाणी काठोकाठ भरतं. पुढे रोज पाऊण तास उशीर. म्हणून जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची आणि साडेबारात मिळवायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला साडेतीन, अष्टमीला साडेसहा. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा पाणी आळशासारखं अर्ध्यावर चढतं आणि अर्ध्यावरून उतरतं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला तेच पाणी अंगात आल्यासारखं धावतं. हे गणित काठावरच्या पुष्कळांना येतं; तुळशीला ते करावं लागत नसे. आता भरतीच्या वेळा मोबाइलवर येतात. तरी होड्या चालवणारी तांडेल मंडळी मोबाइल बघून झाल्यावर, सहज विचारल्यासारखं करून, तिलाही विचारून घेत.

ती जन्मली खाडीच्या पलीकडे, धाकटी डहाणूला. अठराव्या वर्षी देवजीशी लग्न होऊन अलीकडे आली. देवजी खलाशी. चाळीस वर्षं समुद्रात काढून आता डोळ्यांनी दगा दिल्यामुळे घरी बसलेला. घरी बसून तो हाताच्या अंदाजाने जाळी विणायचा आणि कोणी न मागितलेले सल्ले द्यायचा. मुलगा वापीला कंपनीत, सुनेसकट तिकडेच. म्हणजे घरात ही दोघं, आणि घरामागे वाळवणीची जागा.

ती जागा म्हणजे तुळशीचा जीव. काठापेक्षा पुरुषभर उंच, सपाट, वाऱ्याच्या तोंडावरची. तिथे सहा घरांच्या वलांडी उभ्या होत्या. बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणायच्या, ती वलांडी. ओल्या बोंबलांची जोडी करायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. दात एकमेकांत असे रुततात की कितीही वारा आला तरी जोडी सुटत नाही. "सकाळपासून दोनशे लग्नं लावली हिनं," देवजी म्हणायचा, "आणि एक पण मोडलं नाय. माणसांत जमतं का बघ!" दोऱ्यांखाली जमिनीवर जवळा पसरलेला. दसऱ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत हाच उद्योग. तुळशीच्या तिथे तीन रांगा होत्या. सरकारदरबारी ती जागा कोणाच्याच नावावर नव्हती, म्हणजे सरकारच्याच होती. सहा घरं तिथे आजे-सासऱ्यांपासून मासळी वाळवत होती, आणि याचा कुठे कागद नव्हता.

सुकी मासळी घेऊन तुळशी डोंगरपट्टीत जायची. पूर्वी भात झोडून झालं की तलासरीकडच्या गावांत पायी फिरायची, आता एसटीने जाते. झरी गावात शुक्रीचं घर तिचं हक्काचं. शुक्री भात आणि नागली पिकवणारी. जवळ्याच्या मापाला भाताचं माप, असा दोघींचा तीस वर्षांचा व्यवहार, आणि व्यवहारापेक्षा बोलणं जास्त. तुळशीने समुद्राचं सांगायचं, शुक्रीने डोंगराचं, आणि दोघींनी मिळून सुनांचं.

तीन वर्षांपूर्वी शुक्रीच्या बांधावर मोजणीची माणसं आली. ऊन मी म्हणत होतं. शुक्रीने त्यांना पाणी दिलं, आणि पलीकडे ओढ्यावर जायचं आहे म्हणाले तर स्वतः पुढे चालून शेतातली जवळची वाट दाखवली. माणसांनी ती तीन पायांच्या यंत्रातून बघितली. पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध लाल रंगाचे दगड आले, त्याच्या पुढच्या वर्षी रस्ता. आता तिच्या नागलीच्या जागेवरून ट्रक जातात. रस्ता कुठून न्यायचा ते कदाचित आधीच ठरलेलं असेल. शुक्रीला ते पटत नाही. "माझ्याच बोटानं दाखवलं मी," ती तुळशीला म्हणाली. "बाय, मोजायला आलेल्याला वाट दाखवू नको."

तुळशीने मान डोलावली. तेव्हा तिला त्यात स्वतःच्या कामाचं काही वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी, अष्टमीला, दक्षा आली. दक्षा उंबरगावची, तिशीच्या आतली, जुन्या बंदरांच्या गावांत पायी फिरायच्या वाटा आखणाऱ्या एका संस्थेत काम करणारी. मराठी स्वच्छ, पण मध्ये मध्ये गुजराती हेल. किल्ल्यापासून निघायचं, जुन्या धक्क्यावरून खाडीच्या काठाने जायचं आणि बाजारात संपवायचं, अशी वाट तिला बांधायची होती. शहरातली माणसं येतील, चालतील, गाव बघतील. मधला तुकडा मात्र तिला जुनाच हवा होता: कोळणी धक्क्यावरून मासळी घेऊन बाजारात ज्या वाटेने जायच्या, ती वाट. रिक्षा आल्यापासून तिच्यावर कोणी चालत नव्हतं. आळीत तिने विचारलं, आणि आळीने नेहमीचंच उत्तर दिलं.

"मावशी, सगळे म्हणतात तुळशीमावशी सांगेल ते पक्कं," दक्षा म्हणाली. "तुम्ही टोपल्या घेऊन कुठून जायच्या ने, ती वाट मला चालून दाखवा. दुसरं काही नको."

पोरगी गोड होती. तुळशी हात पुसून निघाली. दोघी धक्क्यावर गेल्या, तिथून काठाने वळल्या, वाटेतला छोटा चर ओलांडला. चरापुढे दहा पावलांवर उजव्या हाताला दरडीत अकरा दगडी पायऱ्या. त्या चढलं की थेट वाळवणीच्या जागेत, आणि जागा ओलांडली की बाजाराची गल्ली. हीच ती वाट. तुळशीची सासू, तिची सासू, आळीतल्या झाडून सगळ्या बाया त्याच पायऱ्यांनी चढल्या होत्या. चालणाऱ्या बाया कमी झाल्या तशा पायऱ्यांवर फाटकी जाळी आणि मोडक्या टोपल्या साठत गेल्या होत्या. आणि वर, वाट जिथून जायची तिथे, दहा वर्षांपूर्वी तुळशीनेच आपली तिसरी रांग उभी केली होती.

तिने मागे वळून बघितलं. दक्षाच्या मागोमाग तिच्याबरोबर काम करणारा एक माणूस आला होता आणि खांद्यावरून तीन पायांचं यंत्र उतरवत होता.

तुळशीचे पाय सवयीने उजवीकडे वळायला निघाले होते. तिने ते सरळ नेले.

"इथनंच," ती म्हणाली. "अशीच पुढं, काठानं."

पायऱ्यांच्या पुढे काठाची खालची पट्टी. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला उभी दरड, मध्ये दोनशे पावलांची खाजणाची चिंचोळी जमीन. तिच्या शेवटाला एक खोलगट जागा, आणि ती ओलांडून वर आलं की हिरीचं घर. भांगाचे दिवस होते, जमीन कोरडी ठणठणीत. दक्षा पावलागणिक फोटो काढत होती. तुळशी पुढे चालत होती आणि उभ्या जन्मात कोणी टोपली घेऊन न गेलेल्या जागेची माहिती देत होती. इथे आम्ही दम खायचो. इथे टोपली उतरवायचो. एकदा सुरुवात झाली की बाकीचं सुचत जातं, हे तिला नव्यानेच कळलं.

हिरी दारात उभी होती. हिरी ओली मासळी बाजारात विकायची. जीभ अशी की गिऱ्हाईक मासळीपेक्षा तिच्या बोलण्यानेच गार व्हायचं.

"ही हिरी," तुळशी म्हणाली. "हिच्या दारावरून वाट जायची."

हिरीने तुळशीकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग पुन्हा तुळशीकडे. एवढ्यावरून तिला सगळं समजलं.

"जायची म्हणजे काय! माझी सासू ह्याच उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला पाणी द्यायची."

हिरीच्या सासूने उभ्या हयातीत स्वतःच्या सुनेला पाणी विचारलं नव्हतं. पण दक्षाने ते लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी तुळशीने बोरीचे काटे तोडून आणले आणि पायऱ्यांवरच्या ढिगावर घट्ट रचले. देवजी जाळं बाजूला ठेवून बसला होता.

"उधाणाला त्या खालच्या पट्टीवर पाणी येईल."

"येऊ दे. पाणी दिसतं. माणूस मागं फिरंल."

देवजीला यात खोट काढता आली नाही, म्हणजे बघा. आणि खरंच, काठावर वाढलेल्या माणसाला यात खोट दिसलीच नसती. पाणी यायला लागलं की चराचा आवाज बदलतो. तिवरांच्या मुळांतले खेकडे वर सरकतात, चिखलाचा वास पालटतो. पाच वर्षांचं पोरही खेळ सोडून वर येतं, त्याला कोणी हाक मारावी लागत नाही. चालता चालता पाणी न दिसणारी माणसंही जगात असतात, आणि तीच रविवारी फिरायला येतात, हे त्या दोघांच्या डोक्यात आलंच नाही. आळीतल्या कोणाच्याच आलं नाही.

आळीने तोंड मिटून घेतलं. सहा घरांना जागा प्यारी होती, आणि बाकीच्यांना वाटलं, तुळशी म्हणते त्याअर्थी त्यात काहीतरी असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

डिसेंबरात वाट सुरू झाली. भिंतींवर निळे बाण आले. हिरीच्या दारासमोर सुबक फलक लागला: कोळणींची वाट, तिचा इतिहास आठ ओळींत, आणि तळाला 'माहिती: तुळशीबाई'. दर रविवारी सकाळी सातला टोपीवाली माणसं किल्ल्यापासून निघायची आणि साडेआठच्या आत खालची पट्टी ओलांडून हिरीकडे पोहोचायची. त्या वेळेला उधाणाच्या दिवशी ओहोटी असते आणि भांगाला पाणी चढतच नाही. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. हिरीने दारात चहा आणि बोंबलाची भजी सुरू केली. तिच्या गोष्टीतली सासू आता पाण्याबरोबर गूळही द्यायला लागली होती, आणि पुढच्या रविवारी तर ती जात्यावरच्या ओव्याही म्हणायला लागली.

तुळशीला लाज वाटायची. हिरीची नव्हे, स्वतःची. आपण एकदाच खोटं बोललो, पण ते दर रविवारी सकाळी सातला नव्याने बोललं जातं, असं तिला व्हायचं. रस्त्यात दक्षा भेटली की ती दुसऱ्या गल्लीत वळायची. एकदा नळावर दोन बाया भांडल्या आणि सवयीने तिच्याकडे आल्या, तर ती म्हणाली, "मला नका विचारू." बाया चकित झाल्या. त्यांनी भांडण आपलं आपण मिटवलं, आणि वाईट मिटवलं.

पण जागा राहिली होती. संध्याकाळी वाऱ्यावर तिन्ही रांगा सळसळायला लागल्या की ती स्वतःला म्हणायची, राहिली ना?

पौषातली अमावास्या रविवारी आली. त्या दिवशी मुंबईहून बावीस माणसं यायची होती, आणि त्यांची बस चारोटीच्या अलीकडे बंद पडली. सातची वाट बघून हिरीने पीठ झाकून ठेवलं आणि ती बाजारात निघून गेली. तुळशीने बोंबील टांगले, खाली दोन टोपल्या जवळा पसरला. देवजी उन्हाला पाठ करून बसला होता.

साडेअकराला खालून बोलण्याचा आवाज आला. तुळशी दरडीच्या कडेला गेली. खाली रंगीत टोप्यांची रांग चर ओलांडून, काट्यांच्या ढिगाशेजारून पुढे चालली होती. दक्षा सगळ्यांत पुढे, लोकांकडे तोंड करून उलटी चालत बोलत होती. मध्ये एक म्हातारे गृहस्थ गुडघा सांभाळत, काठी टेकत. त्यांच्या मागे चर तेवढ्यात भरला होता. ज्या दगडांवर पाय देऊन ते आले होते ते दिसेनासे झाले होते. पाणी तिवरांच्या मुळांतून पट्टीकडे येत होतं आणि बावीस माणसांतल्या एकानेही मान वळवून बघितलं नव्हतं.

तुळशीला हिशेब करावा लागला नाही. पुढची खोलगट जागा एव्हाना गुडघाभर झालेली. ही माणसं या चालीने तिथे पोहोचेपर्यंत कंबरभर, आणि ओढ अशी की तिथे धडधाकट खलाशी उभा राहत नाही. मागे जायचं तर चर. उजवीकडे उभी दरड. वर यायला एकच जागा होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने बुजवली होती.

खोटं कशाला सांगा, तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. दोर टाकून एकेकाला वर घ्यावं का? म्हणजे पायऱ्या झाकलेल्याच राहतील. मग तिला काठीवाले गृहस्थ दिसले, आणि ती ढिगाकडे धावली.

तिने दोन्ही हातांनी काटे उपसले. देवजी चाचपडत आला.

"काय करतेस?"

"वाट मोकळी करते."

जिथे आवाज होता तिथे हात घालून तोही ओढायला लागला.

"ओ बाई! ओ! वर या! इकडं वर या!" तुळशी ओरडली.

खालच्या माणसांनी वर बघितलं. दोघातिघांनी हात हलवला. एका बाईने फोटो काढला. त्यांना वाटलं, काहीतरी विकायला बोलावते आहे. मग दक्षा त्यांच्या डोक्यांवरून मागे बघायला लागली आणि बोलता बोलता थांबली.

पुढचं फार भराभर झालं. माणसं ओरडत मागे फिरली. पाणी घोट्याला लागलं, कोणाची चप्पल गेली, कोणी कोणाचं नाव घेऊन रडायला लागलं. तुळशी जाळ्यांचा शेवटचा गठ्ठा ढकलून सातव्या पायरीवर उतरून उभी राहिली आणि एकेकाला दंडाला धरून वर फेकल्यासारखी सोडत राहिली. तोंडाने ती मोजत होती. काठीवाले गृहस्थ सतरावे. त्यांना दक्षाने खालून उचललं, तुळशीने वरून. तेव्हा पाणी खालून तिसऱ्या पायरीवर होतं.

सगळी वर आली आणि जिथे जागा मिळेल तिथे बसली, उभी राहिली, चालली. चिखलाने भरलेल्या बुटांनी जवळ्याचं पार पीठ केलं. एका दोरीला धरून कोणी तोल सावरला, ती दोरी तुटून दोनशे लग्नं मातीत गेली. एका बाईने हळूच विचारलं, "चपला काढायला हव्या होत्या का इथे?"

दक्षा शेवटी आली. वर पोहोचून ती वळली आणि पायऱ्यांकडे बघत राहिली. प्रत्येक पायरी मधोमध खोलगट झिजली होती. तिने काटे बघितले, ताजे तोडलेले नव्हते पण जुनेही नव्हते. मग तिने तुळशीचे हात बघितले. त्यांतून रक्त येत होतं.

"मावशी, ही वाट..."

"हीच," तुळशी म्हणाली. "ती मी खोटी दाखवली. वाट इथनं जाते म्हटलं तर ही जागा तुझ्या नकाशात येईल, आणि नकाशात आलेली जागा जाते. म्हणून खोटं बोलले. हिरीचा यात काही दोष नाय, ती माझ्या सांगण्यानं बोलली."

दक्षाने वर आलेल्या माणसांकडे बघितलं. तुळशीला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी," ती म्हणाली, "बावीस माणसं होती."

"तेवीस," तुळशी म्हणाली. "तुला धरून. वर घेताना मोजली मी."

मग ती तिथेच जवळ्याच्या चिखलात बसली. इतक्या वर्षांत ती कशालाच एवढी घाबरली नव्हती, आणि ती भीती पाण्याची नव्हती, स्वतःच्या खोट्याची होती.

खालची वाट त्याच दिवशी बंद झाली. हिरीच्या दारासमोरचा फलक काढून नेला, त्याबरोबर चहा आणि भजीही गेली. हिरी तुळशीशी बोलायची बंद झाली. पंधरा दिवस झाले, महिना झाला, ती अजून बोललेली नाही. सहा घरांतल्या बाया मात्र बोलल्या, भरपूर बोलल्या. जीव वाचवलेस ते ठीक, पण तोंड कशाला उघडलंस? पायऱ्या आहेत म्हणायचं, सापडल्या म्हणायचं. एवढी वर्षं खरं बोलून तुला अक्कल कशी नाय आली? तुळशीने ऐकून घेतलं. त्यांचंही खोटं नव्हतं. जागा काही तिच्या एकटीची नव्हती.

एका गुरुवारी दक्षा परत आली. मागे तोच माणूस, तेच यंत्र. सहा घरांतल्या बाया कडेला उभ्या राहिल्या. देवजी बाहेर येऊन बसला.

"मी काही वचन देऊ शकत नाही," दक्षा म्हणाली. तिचा सूर पहिल्यासारखा गोड नव्हता, पण कडूही नव्हता. "वाट इथून जाईल. दोन्ही बाजूंना मी लिहीन, मासळी वाळवायची जागा, सहा घरांची, पिढ्यानपिढ्या. पहिल्यांदा कागदावर येईल. पुढे तो कागद कोण वाचेल आणि काय करेल, ते माझ्या हातात नाही ने."

"लिव," तुळशी म्हणाली.

दक्षाने टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं. तुळशी ते घेऊन पायऱ्यांच्या माथ्यापासून निघाली आणि वाट जशी जायची तशी ती पुढे चालत गेली. मधल्या रांगेच्या कडेने, मग किंचित डावीकडे, मग तिसऱ्या रांगेपाशी. तिथे ती थांबली.

"रुंदी किती होती?" दक्षाने विचारलं. "माझ्या कामाला एका माणसापुरती पुरे. दीड हात धरला तरी चालेल. तुम्ही सांगाल ते लिहिते."

बायांत चुळबुळ झाली. दीड हात म्हणजे दोन रांगांच्या मधून वाट सहज गेली असती. एकही बांबू हलवायला लागला नसता.

"तुळशे," त्यांतली ठकी हळूच म्हणाली, "दीडच म्हण. तीच म्हणते आहे दीड."

तुळशीने टेपच्या टोकाकडे बघितलं. दक्षाला दीडच हवं होतं, बायांना दीड हवं होतं, तिला स्वतःला तर हवंच होतं. यात कोणी बुडणार नव्हतं. कोणाला कधी कळलंही नसतं.

"दोन बायांपुरती होती," ती म्हणाली. "डोक्यावर टोपली घेऊन एक जाणारी, एक रिकामी होऊन येणारी. कोणी कोणासाठी थांबायचं नाय. पाच हात."

दक्षा लिहायची थांबली. "पाच धरले तर तुमची ही रांग जाते, मावशी."

"ही रांग मी वाटेवरच लावली होती. पाच लिव."

ठकीने कपाळावर हात मारला आणि ती निघून गेली. दक्षाने पाच लिहिलं. यंत्रवाल्याने दोन खुणा केल्या, खडूच्या, लाल नव्हे.

दुपारी तुळशीने रांग सोडायला घेतली. दोरीच्या गाठी समुद्राच्या हवेने आवळून बसल्या होत्या, दातांनी सोडवाव्या लागल्या. तिला रडू आलं आणि ती रडली. देवजीने हाताच्या अंदाजाने बांबू उपटले, आणि एकदाच म्हणाला, "दीड म्हटलं असतं तरी चाललं असतं." ती म्हणाली, "हो." तिसऱ्या रांगेतले बोंबील दोघांनी उरलेल्या दोन रांगांत सरकवले. फार दाटी झाली. त्या खेपेचे बोंबील वाळायला एक दिवस जास्त लागला.